टॉर्डॉफचे तीन पाट

जेबझ अटलीचा उजवा खांदा डाव्या खांद्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला होता. टॉर्डॉफच्या कारखान्याचा इतिहास लिहायचाच होता, तर तो त्या खांद्यापासून सुरू करायला हवा होता. पण लिहायला बसले होते धाकटे मालक, एडविन टॉर्डॉफ, आणि त्यांनी सुरुवात केली ती आपल्या वडिलांच्या तैलचित्रापासून. चालायचंच. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

साल एकोणीसशे एक. त्या सप्टेंबरात कारखान्याला पन्नास वर्षं पुरी व्हायची होती, आणि त्या निमित्तानं कापडी बांधणीचं एक पुस्तक छापून गिऱ्हाइकांना वाटावं असं धाकट्या मालकांच्या मनानं घेतलं होतं. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समध्ये लेथ, म्हणजे लोखंड कातायची यंत्रं, करणारे तेव्हा पैशाला पासरी झाले होते. त्यात आपण जुने, हे कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं.

जेबझचं काम म्हणाल तर एका वाक्यात सांगून होईल. तो लोखंड सपाट करायचा. रंध्याच्या यंत्राखालून निघालेला लेथचा बेड, म्हणजे त्याची लांब बिडाची बैठक, आपल्या डोळ्यांना आरशासारखा वाटतो, पण तो सपाट नसतो. मग एका खात्रीच्या सपाट पाटाला तेलात कालवलेल्या शेंदराचा हलका हात द्यायचा आणि तो पाट बेडवर घासायचा. जिथे उंचवटा असेल तिथे शेंदूर लागतो. तेवढीच जागा जुन्या कानशीपासून केलेल्या खरवडणीनं खरवडायची, पुसायची, की पुन्हा शेंदूर. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव होतो. टॉर्डॉफमध्ये शेंदूर लागला की तेवढा भाग कापला जायचा. खांदा पुढे रेटायचा, मागे घ्यायचा, दिवसातून हजारदा. असं जेबझनं सत्तेचाळीस वर्षं केलं होतं, आणि आता सकाळी कोट घालतानाही झिलाला बाही धरून ठेवावी लागे.

झिला म्हणजे त्याची बायको. गालिच्याच्या गिरणीत माग चालवून तिचे कान गेले होते, असं ती म्हणायची. खरं तर जे ऐकायचं नसे तेवढंच तिला ऐकू येत नसे.

आता प्रश्न असा, की तो खात्रीचा पाट तरी सपाट आहे हे कशावरून? थोरल्या मालकांनी, एझ्रा टॉर्डॉफनी, उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी जेबझला हा प्रश्न घातला होता.

"दुसऱ्या पाटाशी जुळवून बघायचं," जेबझ म्हणाला होता.

म्हातारा हसला होता. "एक पाट खोलगट आणि दुसरा तितकाच फुगीर असला, तर? दोघं असे मिठी मारून बसतील की मधे हवा शिरणार नाही. नवरा-बायकोनं संगनमतानं खोटं बोलायचं ठरवलं तर शेजाऱ्याला काय कळणार रे? तिसरा पाहिजे. तीन पाट, आणि प्रत्येकाचं उरलेल्या दोघांशी जमलं पाहिजे. तिघांचं मिळून खोटं टिकत नाही."

ही अक्कल म्हातारा मँचेस्टरहून शिकून आला होता. हेबल नदीकाठचा कापड रंगवायचा एक बंद पडलेला कारखाना त्यानं भाड्यानं घेतला आणि पहिल्या लेथसाठी कोळशाची भट्टी पेटवायच्या ऐवजी तो तीन बिडाचे पाट खरवडत बसला. पुढे तेही त्याला पसंत पडेनात म्हणून चौपन्न साली जेबझला हाताशी धरून त्यानं नवे तीन घडवले, त्यालाच अकरा महिने लागले. गाव म्हणायचं, एझ्राला वेड लागलंय, लोखंडाला मालिश करतो. त्याच्या बायकोनं तेवढ्यात माहेरचं घड्याळ विकलं. पण त्या पाटांवर तपासून निघालेला पहिला लेथ गालिच्याच्या गिरणीत गेला आणि गिरणीवाल्यानं दुसरा मागितला. मग रेल्वेवाले आले, जहाजवाले आले. लेथ कलकत्त्याला गेले, मुंबईच्या रेल्वे कारखान्यात गेले, दक्षिण आफ्रिकेत केपला गेले. सत्तरच्या सुमाराला अडीचशे माणसं कामाला होती आणि त्या रंगाच्या कारखान्याच्या जागी तीन मजली दगडी इमारत उभी होती. पुढे अमेरिकेतून आणि जर्मनीतून स्वस्त यंत्रं यायला लागली. म्हातारा गेला. धाकट्या मालकांनी आल्या आल्या माणसं मोजली आणि त्यांना ती जास्त वाटली.

या सगळ्या घडामोडीत एक रिवाज मात्र कुणी मोडला नव्हता. वेक्सच्या आठवड्यात, म्हणजे गावजत्रेच्या सुट्टीत, सगळ्या चिमण्यांचा धूर थांबे आणि गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर पळे. त्या रिकाम्या कारखान्यात जेबझ तिन्ही पाट एकमेकांशी ताडून बघे. पहिला पाट रोजच्या वापरातला, दुसरा त्याच्याच खालच्या कपाटात. तिसरा वरच्या माळ्यावर, चरबी फासून पेटीत ठेवलेला. त्याला कप्पीच्या साखळीनं खाली उतरवावं लागे, कारण तो चार माणसांना उचलायचा नाही. साखळी ओढायला थॅडियस नावाचा हमाल असे. दोघं एक शब्द न बोलता दोन दिवसांत काम उरकत आणि मग पायरीवर बसून ओटची भाकरी आणि चीज खात.

आणखी एक रिवाज होता. कुणी कामगार कायमचा निघाला की फाटकापर्यंत जाईस्तोवर सगळे आपापल्या जागी हातोडे घेऊन समोरचं लोखंड बडवत. जितका माणूस लाडका तितका गोंगाट मोठा. जेबझची सात वर्षांची उमेदवारी संपली तेव्हा खुद्द म्हाताऱ्यानं हातोडा घेतला होता. अटलींचं घर टेकडीवर, तिथपर्यंत तो आवाज जायचा. झिला म्हणायची, "तुझा दिवस येईल तेव्हा मी खिडकी उघडी टाकून बसेन. बघते किती वाजवतात ते." जेबझ यावर "हं" म्हणे. पण त्याला ते हवं होतं. आयुष्यात त्यानं फारसं काही मागितलं नव्हतं, तेवढं एक हवं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात थॅडियस छातीच्या आजारानं गेला. त्याच्या जागी माणूस घेतला नाही. पुढच्या वेक्सला जेबझ एकटाच कारखान्यात आला. माळ्यावर गेला, साखळीला हात घातला, आणि खांद्यात अशी कळ आली की तो तिथेच पेटीवर बसला. धाकट्या मालकांकडे जाऊन माणूस मागायचा, तर आधी खांदा दाखवावा लागणार. आणि खांदा दाखवला की ते अगदी गोड आवाजात म्हणणार, "अटली, आता विश्रांती घ्यायला हवी तुम्ही." साठीच्या खरवड्याला विश्रांती म्हणजे काय हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. जेबझ खाली उतरला. खालच्या दालनातली यारी डाव्या हातानंही फिरे, तिच्यानं त्यानं पहिला पाट दुसऱ्याशी ताडला. पहिल्यात वापरानं किंचित फरक पडला होता, म्हणून दुसरा त्याला जुळवून घेतला. शेंदूर दोन्हीवर सारखा पसरला. तिसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून त्यानं कपाट लावलं.

पुढच्या वर्षी त्यानं तेच केलं. थकलेला माणूस खोटं बोलायला सुरुवात करत नाही. तो फक्त एक काम उद्यावर टाकतो.

आणि या वर्षी, जुलैच्या सुरुवातीला, ग्लासगोहून एक लेथ परत आला. त्यावर लांब दांडा कातला की तो सगळीकडे सारख्या जाडीचा येत नाही, असं गिऱ्हाइकाचं पत्र होतं. धाकट्या मालकांनी बेड तपासायला लावला. पहिल्या पाटावर तपासला, तर शेंदूर छान पसरला! पाट म्हणतो बेड सरळ, गिऱ्हाईक म्हणतं वाकडा. आता सत्तेचाळीस वर्षांचा पाट चुकेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा दोष बिडाचा. ओतलेलं बीड आवारात वर्षभर पावसापाण्यात गंजत ठेवायचं, मगच रंध्याखाली घ्यायचं, नाहीतर ते नंतर अंग चोरतं, सरकतं, हा तिथला नियम. आवारातून बीड निवडायचं काम होतं रंध्यावरच्या एनॉसचं. घाईत त्यानं कच्चं बीड उचललं असणार, असं धाकट्या मालकांनी ठरवलं आणि वेक्स होईपर्यंत त्याला घरी बसवलं. सुट्टीनंतर कायमचा निकाल द्यायचा होता.

एनॉस चव्वेचाळीस वर्षांचा, चार मुलींचा बाप. चॅपलमध्ये तो खर्जात गायचा, आणि त्याचा आवाज नसला की सगळं भजन पोकळ वाटायचं. वेक्सपर्यंतच्या तीन रविवारी तो मागच्या बाकावर तोंड मिटून बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण चोर कोण हे फक्त एकाच माणसाच्या मनात टोचत होतं, आणि त्यालाही खात्री नव्हती.

त्याच आठवड्यात धाकट्या मालकांनी जेबझला कचेरीत बोलावलं. चक्क खुर्ची दिली, चहा दिला.

"अटली, पुस्तकात पाटांवर एक अख्खं पान देतोय," ते म्हणाले. "तुमचं नाव घालतोय. ऐका हं. 'दर वर्षी वेक्सच्या आठवड्यात हे तीन पाट परस्परांशी ताडले जातात, आणि सत्तेचाळीस वर्षांत त्यांत केसाएवढाही फरक आढळलेला नाही, अशी ग्वाही आमचे सर्वांत जुने कारागीर जेबझ अटली देतात.' बरोबर?"

जेबझ कपातल्या चहाकडे बघत होता. कपाला कान इतका नाजूक होता की त्याचं बोट आत जात नव्हतं.

"गेल्या वर्षीसुद्धा सगळं ठीकच निघालं ना?"

"जुळले, साहेब," जेबझ म्हणाला.

हे खोटं नव्हतं. दोन जुळले होतेच. उंदराला मांजर साक्ष होती, इतकंच.

वेक्सच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी एनॉस घरी आला. आत येईना, दारातच उभा राहिला.

"तू तरी सांग, जेबझ. वीस वर्षं मी कापलेलं तू खरवडतोयस. मी कच्चं बीड घेईन असं वाटतं तुला?"

"नाही."

"प्रत्येक तुकड्यावर मी रंगानं तारीख घालतो. तेरा महिन्यांचा होता तो बेड, तेरा! मालकांना सांगितलं तर म्हणतात, तारीख काय, नंतरही घालता येते."

"तू नाही घेतलंस," जेबझ म्हणाला.

"मग बेड बिघडला कसा?"

एनॉस थोडा वेळ थांबला, टोपी घातली आणि उतारावरून खाली गेला. त्याच्या लाकडी तळव्यांच्या बुटांचा आवाज वळणापर्यंत येत राहिला.

झिला आत ओटच्या भाकऱ्या तिथल्या पद्धतीनं दोरीवर वाळत घालत होती. तिच्या कानांना आज सगळं ऐकू आलं होतं.

"त्यानं विचारलं त्याचं उत्तर तुझ्याजवळ होतं," ती म्हणाली.

"काही नव्हतं."

"चाळीस वर्षं तुझं तोंड बघतेय मी. बंद असलं तरी वाचता येतं. बस इथे. बोल."

तो बसला आणि बोलला. खांदा, साखळी, दोन वेक्स, सगळं. झिलानं मधे एकदाही तोंड घातलं नाही, हे विशेष.

"म्हणजे अजून तुला नक्की ठाऊक नाहीच," ती शेवटी म्हणाली.

"तिसरा खाली आणल्याशिवाय कसं कळणार? आणि तो आणणार कोण?"

"मी."

"तू? वेडी आहेस का? बायका येत नाहीत तिथे."

"सुट्टी आहे. बघायला आहे कोण? सगळे समुद्रात पाय बुडवून बसले असतील. बावीस वर्षं माग ओढलाय मी, तुझी ती साखळी काय मोठी लागून गेली!"

तर सोमवारी, गाव रिकामं झाल्यावर, भर दुपारी दोघं फाटकाच्या लहान दारातून आत शिरली. किल्ली जेबझकडे असेच. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, पण झिला त्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. थंड पडलेल्या यंत्रांमधून ती स्कर्ट सावरत चालली.

"एवढ्या घाणीत राहतोस, आणि घरी माझ्या चुलीवर एक डाग दिसला तर बोलतोस," ती म्हणाली.

"मी कधी बोललो?"

"तोंड करतोस ना तसं."

माळ्यावर जेबझनं तिसऱ्या पाटाच्या पेटीला साखळी अडकवली. झिलानं खाली उभं राहून ओढ घेतली, पायानं जमीन धरली आणि पेटी हलली. थांबत, शिव्या घालत, दम खात तासाभरानं त्यांनी तो पाट खाली उतरवला. जेबझनं चरबी पुसली, शेंदूर लावला आणि डाव्या हातानं तो नीट चोळला. मग पाट पहिल्यावर टेकवला, दोघांनी मिळून पुढे-मागे सरकवला, साखळीनं उचलला.

झिलाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिला डोळे होते. "हे कडेकडेनंच लाल झालंय की. मधे कोरं का?"

"मधे खोल आहे." त्यानं मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "रोज वापरून बसलाय."

दुसऱ्या पाटावर उलट झालं. मधोमध शेंदराचा एक गोल टिळा उमटला आणि कडा कोऱ्या राहिल्या. जेबझनं खिशातून सिगारेटचा पातळ कागद काढून फटीत सरकवून बघितला. तो सहज आत गेला. म्हणजे दोन वर्षांत टॉर्डॉफमधून निघालेला प्रत्येक लेथ मधे पोट काढून गेला होता. एनॉसनं काही केलं नव्हतं. जे केलं ते जेबझनं केलं होतं. केलं म्हणण्यापेक्षा, केलं नव्हतं.

तो पेटीवर बसून राहिला. झिलानं फडक्यातून भाकरी काढली, त्याच्या हातात दिली. त्यानं ती तशीच धरून ठेवली.

मग त्यानं हळूच वर बघितलं. आज सोमवार होता. कारखाना उघडायला सात दिवस होते. तिसरा पाट खरा होता आणि तो खालीच होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खरवडलं, तर सात दिवसांत पहिल्याच्या कडा आणि दुसऱ्याचं पोट निघून जाईल. तिन्ही जुळतील. पुस्तकातलं पान खरं होईल. कुणी कधीही येऊन तपासलं तरी पाट निर्दोष. झाकली मूठ सव्वा लाखाची. ग्लासगोचा लेथ तेवढा एनॉसच्या नावावर राहील.

त्यानं भाकरी बाजूला ठेवली, खरवडणी घेतली आणि पहिल्या पाटाच्या कडेला टेकवली. राखी भुग्याची एक बारीक ओळ उठली. मग दुसरी. झिला पेटीवर बसून बघत होती. बराच वेळ त्या मोठ्या रिकाम्या दालनात फक्त खर्र, खर्र एवढाच आवाज होता.

"हे केलंस की कळणार नाही ना कुणाला?" ती म्हणाली.

"नाही."

"मी काही सांगायची नाही. नवरा आहेस माझा. आणि उद्या तुला काढलं तर माझीही चूल बंद पडणार, मला काय कळत नाही?" तिनं स्कर्टवरचा भुगा झटकला. "तुझा तो म्हातारा मालक काय म्हणायचा रे? नवरा-बायकोचं आणि शेजाऱ्याचं? लग्नाच्या दिवसापासून शंभरदा ऐकवलंस मला. आता आठवत नाही नीट."

तिला चांगलं आठवत होतं. जेबझचा हात थांबला. तो तसाच ओणवा राहिला, कपाळ जवळजवळ पाटाला लागलं होतं. त्याला रडू आलं, पण त्यातही जोर नव्हता. रडायलाही अंगात काहीतरी लागतं. मग त्यानं खरवडणी फडक्यात गुंडाळली आणि दोन्ही पाट तसेच उघडे ठेवले, शेंदूर न पुसता.

"पुसायचं नाही?" झिलानं विचारलं.

"नको. पुसलं तर माझं मन बदलेल."

घरी येऊन तो झोपला तो जवळजवळ आठवडाभर. उठायचा, खायचा, पुन्हा पडायचा.

पुढच्या सोमवारी भोंगा व्हायच्या आधीच तो कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिला. धाकटे मालक आले. एनॉसही निकाल ऐकायला चॅपलचा कोट घालून आला होता. जेबझ दोघांना पाटांपाशी घेऊन गेला आणि बोटानं दाखवलं. एनॉसनं वाकून एकदा कडेचा शेंदूर बघितला, एकदा मधला टिळा बघितला, आणि मग त्यानं जेबझकडे बघितलं. त्या बघण्याबद्दल जेबझ पुढे कधी कुणाशी बोलला नाही.

"किती लेथ गेले?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"एकवीस, साहेब."

"एकवीस गिऱ्हाइकांना मी आता पत्रं लिहायची. या वर्षी. पुस्तकाच्या वर्षी." ते पाटाच्या कडेकडे निरखून बघू लागले. "इथे खरवडायला सुरुवात केलेली दिसते."

"मीच केली होती. मग सोडून दिली."

"तुमच्याजवळ अख्खा आठवडा होता. गुपचूप सरळ करून ठेवता आलं असतं."

"हो, साहेब."

"मग का नाही केलंत?"

"एनॉसला काढलं असतं तुम्ही."

"आणि एनॉसचं हे प्रकरण नसतं, तर?"

इथे जेबझला खोटं बोलता आलं असतं. समोरच्याला तेच ऐकायचं असतं अशी एक वेळ असते, आणि माणूस सहज बोलून जातो. पण जेबझ फार दमला होता.

"तर सरळ करून टाकले असते," तो म्हणाला. "आणि गप्प बसलो असतो."

धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एनॉस उद्यापासून कामावर येईल, तिन्ही पाट पुन्हा बरोबर होईपर्यंत अटली राहतील, आणि त्यानंतर अटलींची गरज राहणार नाही, एवढं सांगून ते गेले. पुस्तकातलं पाटांचं पान त्यांनी काढून टाकलं. त्या जागी नव्या वाफेच्या इंजिनाचं चित्र आलं. एनॉसची माफी कुणी मागितली नाही. मालकांनी नाही, आणि जेबझनं मागितली तेव्हा एनॉस ऐकायला थांबला नाही.

पाटांना सहा आठवडे लागले. साखळी ओढायला एनॉसलाच दिला होता, कारण रंध्यावर दुसऱ्याला बसवलं गेलं होतं आणि ते यंत्र रिकामं व्हायचं होतं. सहा आठवडे दोघं एका दालनात होते. एनॉस ओढायचा, धरायचा, सोडायचा आणि एक अक्षर बोलायचा नाही. जेवायच्या वेळी तो आपला डबा घेऊन आवारात बिडाच्या ढिगावर जाऊन बसे. जेबझला राग आला नाही. रागवायचा हक्क एनॉसचा होता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तिन्ही पाट जमले. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी. सगळीकडे शेंदराचे बारीक ठिपके, सारखे, भाकरीवरच्या पुटकुळ्यांसारखे. एनॉस वाकून बघत होता.

"जमले," तो म्हणाला. सहा आठवड्यांतला पहिला शब्द.

"आपण दोघंच म्हणतोय," जेबझ म्हणाला. "मालकांना बोलव. तिसऱ्यानं बघू दे."

धाकट्या मालकांनी बघितलं, मान हलवली, हात पुढे केला. जेबझनं तो डाव्या हातानं धरला, उजवा वर होत नव्हता. मग खरवडणीचं गुंडाळं काखेत मारून तो निघाला.

फाटकापर्यंतचं अंतर मोठं नाही. खालच्या दालनातून, मग आवारातून, गंजत ठेवलेल्या बेडांच्या रांगांमधून. माणसं आपापल्या यंत्रांपाशी उभी होती. कुणी टोपीला हात लावला, कुणी बघितलं नाही. एकवीस लेथ परत येणार होते, नव्यानं खरवडावे लागणार होते, गिऱ्हाइकं तुटणार होती, आणि त्याची झळ कुणाकुणाला लागेल हे अजून ठरायचं होतं. हातोडा कुणी उचलला नाही. जेबझनं ते गृहीतच धरलं होतं. तरी एक पाऊल टाकलं की पुढचं टाकताना तो थोडा थांबत होता, आणि त्याचं त्यालाच हसू येत होतं.

फाटकाच्या लहान दाराला त्यानं हात लावला, आणि मागे ठण्ण झालं.

एकच ठोका. जड हाताचा, जुन्या, नीट गंजलेल्या, पुरत्या मुरलेल्या बिडावरचा. तो आवाज भिंतींवरून फिरला आणि हळूहळू विरला. जेबझ वळून बघणार होता, पण मान वळवायची तर खांदाही वळवावा लागला असता. तो थांबला. दुसरा ठोका आला नाही. मग तो बाहेर पडला आणि चढाला लागला. आज तो चढ संपतच नव्हता.

घरी झिला खिडकीशी बसली होती. खिडकी उघडी होती.

"एकच ऐकू आला," ती म्हणाली. "माझे कान बघ असे."

"कान ठीक आहेत तुझे. एकच होता."

"कुणी मारला?"

"एनॉसनं असणार. आवारातून आला."

झिला उठली, तिनं खिडकी लावून घेतली, आणि कोट काढायला त्याची बाही धरली.